लातूरच्या शेतातून एनजीसी १३६५: दांडा काही दिसेना राव!

येळवसकर (२० डिसेंबर, सकाळी ११:४०)

नमस्कार मंडळी. वाचक जुना आहे, लिहितोय पहिल्यांदाच, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

काल आमच्याकडं येळवस होती. बाहेरच्यांसाठी सांगतो, मार्गशीर्षातली अमावस्या, लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात, भज्जी, आंबील, कडब्याची कोप करून पांडवांची पूजा वगैरे. औशाजवळ आमचं शेत आहे. मी गेल्या वर्षी सेकंडहँड घेतलेला ८ इंची डॉब (हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) गाडीत टाकून नेला होता, मनात ठरवलेलंच होतं की बाकीचे संध्याकाळी गावात परतले की आपण मुक्काम ठोकायचा आणि बार्ड स्पायरल (मध्ये दांडा असलेली सर्पिल दीर्घिका) बघायची, ती पण साधीसुधी नाही तर एनजीसी १३६५, जिचा फोटो बघून मला हा नाद लागला, तो मोठा झेड अक्षरासारखा आकार, मध्ये दांडा आणि दोन टोकांना दोन हात.

संध्याकाळी कडबा पेटवून शेताला फेरी मारतात त्याचा धूर नऊ-साडेनऊपर्यंत होता. मग आकाश असलं उघडलं की काय सांगू. फोनवरच्या ॲपने फोर्नॅक्स तारकासमूहाकडं दुर्बीण नेली, २५ मिमीच्या आयपीसने (डोळा लावायची भिंग, आकडा लहान तितकं चित्र मोठं) चाचपडत पंधरा-वीस मिनिटांत सापडली पण! गोल धुरकट डाग, मध्ये उजळ. त्याच्याच शेजारी अजून एक, जरा लहान, आणि त्या लहानाला खेटून एक तारा. १० चा आयपीस लावला (१२० पट), तरी तेच. दांडा नाही, हात नाही, काहीच नाही. अर्धा तास डोळा फोडला.

आता प्रश्न असा की आरशाचं कोलिमेशन (आरसे एका रेषेत असणं) गेलंय, आकाश खराब होतं, का ८ इंचात हे दिसतच नाही? का तो दुसरा डाग म्हणजेच हाताचं टोक? पुतण्या (सातवीत आहे) सोबत जागा होता, त्याला मोठ्या बाता मारल्या होत्या, इज्जतीचा प्रश्न झालाय.

डॉबवाला_सातारा (२० डिसेंबर, दुपारी १२:१५)

स्वागत! पहिलीच पोस्ट आणि डायरेक्ट १३६५, मानलं.
दोन डागांमध्ये अंतर किती वाटलं? १२० पटला दोन्ही एका वेळी दिसत होते का? आणि दोन्ही गोलच, का एखादा लांबट?

येळवसकर (२० डिसेंबर, दुपारी १२:३२)

दोन्ही गोलच. हो, एका वेळी दिसत होते, मध्ये चांगली काळी फट. अंतर साधारण फील्डच्या (आयपीसमध्ये दिसणाऱ्या वर्तुळाच्या) तिसऱ्या हिश्शाएवढं असेल.

जुनं_भिंग (२० डिसेंबर, दुपारी १:०५)

येळवसकर, दुर्बीण शाबूत आहे आणि डोळेही. तुम्ही दुसऱ्याच घरात शिरलात :)

तुम्ही पाहिलंत ते एनजीसी १३९९ आणि १४०४. फोर्नॅक्स क्लस्टरच्या (दीर्घिकांच्या समूहाच्या) मधल्या दोन लंबवर्तुळाकार दीर्घिका, एकमेकींपासून सुमारे १० कलांवर (६० कला म्हणजे १ अंश), आणि १४०४ ला चिकटून ८ व्या प्रतीचा (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा अंधूक) एक तारा आहे तो तुम्ही बरोबर टिपलात. त्यांना दांडा नाही न् हात नाहीत, त्यामुळे तुम्ही पहाटेपर्यंत बसला असतात तरी गोळाच दिसला असता. १३६५ तिथून सव्वा अंशाच्या आसपास नैऋत्येला राहिली. ही चूक आमच्या ग्रुपमध्ये निम्म्या लोकांनी केलीय, मी धरून. कारण १३९९ चा पृष्ठभाग जास्त उजळ आहे, चाचपडताना आधी तीच नजरेत भरते आणि माणूस खूश होऊन थांबतो.

ॲपवर विसंबू नका, फोनचा होकायंत्र दोन-तीन अंश सहज चुकवतं. त्यापेक्षा ही युक्ती करा, डॉबला मोटर नाही याचाच फायदा घ्यायचा. फोर्नॅक्समध्ये काय (ग्रीक अक्षर) नावाच्या तीन ताऱ्यांचा चिमुकला त्रिकोण आहे, काय१, काय२, काय३. काय२ हा ४.७ प्रतीचा, तुमच्या शेतातून नुसत्या डोळ्याने दिसेल, बाकी दोन साडेसहाच्या आसपास, फाइंडरमध्ये (डॉबवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत) तिन्ही एकत्र येतात. त्यातला सगळ्यात पूर्वेचा काय३. तो २५ च्या आयपीसमध्ये मधोमध आणा आणि मग दुर्बिणीला हातही लावू नका. घड्याळ लावून साडेपाच मिनिटं बसा. पृथ्वी फिरतेय, आकाश आपोआप सरकत येईल, आणि साडेपाच मिनिटांनी १३६५ मध्याच्या थोडी दक्षिणेला, १७ कलांवर, हजर असेल. १० मिनिटं बसलात तर पुन्हा त्या १३९९ बाईच येतील, त्या उत्तरेच्या काठावर. म्हणजे चुकायला जागाच नाही.

डॉबवाला_सातारा (२० डिसेंबर, दुपारी १:२०)

काकांनी निकाल लावला, मी आपला प्रश्नच विचारत बसलो.
अजून एक रस्ता सांगतो, यमुना तारकासमूहात जी, एफ, एच असा चौथ्या प्रतीच्या ताऱ्यांचा त्रिकोण आहे, त्यातला जी हा जवळजवळ १३६५ च्याच डेक्लिनेशनवर (आकाशातल्या अक्षांशावर) आहे. तिथून सरळ पश्चिमेला सव्वातीन अंश. मी फाइंडरने असाच जातो.

येळवसकर (२० डिसेंबर, दुपारी २:००)

अरे देवा. म्हणजे अख्खी येळवस मी चुकीच्या गल्लीत काढली. आता पुढची अमावस्या १८ जानेवारीला, महिना गेला. पुतण्याला काय सांगू?

चंद्रकोर_नको (२० डिसेंबर, दुपारी २:४५)

त्याला सांगा की पहिल्याच रात्री त्याने दोन परक्या दीर्घिका स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या आणि त्यातली एक अख्ख्या क्लस्टरची पाटलीण आहे. वाया काय गेलं त्यात?

बाय द वे तुम्ही "गोल, मध्ये उजळ, शेजारी लहान, त्याला खेटून तारा" असं नीट लिहिलंत म्हणून काकांना अर्ध्या तासात कळलं. निम्मे लोक "एक ढगासारखं काहीतरी दिसलं" एवढंच लिहितात.

बॉर्टल_नऊ (२० डिसेंबर, रात्री ९:१०)

डोंबिवलीच्या गच्चीवरून चान्स आहे का? माझ्याकडे ६ इंची आहे. फिल्टर लावून?

जुनं_भिंग (२० डिसेंबर, रात्री ९:४०)

खरं सांगू का, नाही. एकूण तेज ९.५ च्या आसपास आहे खरं पण ते ११ गुणिले ६ कलांच्या पट्ट्यावर पसरलंय. एक चमचा तूप अख्ख्या परातीत पसरवल्यासारखं. तारा असता तर ६ इंचाला ९.५ म्हणजे पोरखेळ. गच्चीवरून फार तर गाभ्याचा ठिपका दिसेल.

फिल्टरवर पैसे घालवू नका. ते नेब्युलाचे फिल्टर ठरावीक दोन-तीन रंगांचा प्रकाश सोडतात, दीर्घिका म्हणजे मुख्यतः ताऱ्यांचा प्रकाश, तो सगळ्या रंगांत पसरलेला, फिल्टर लावला की दीर्घिकाच अंधारात. दीर्घिकेवर एकच फिल्टर चालतो, पेट्रोल. गाडीत टाकायचं आणि लांब जायचं.

पण कुठल्या दिशेला लांब, ते महत्त्वाचं. ही वस्तू दक्षिणेला आहे. शहर तुमच्या दक्षिणेला राहिलं तर १०० किलोमीटर जाऊनही त्याचा उजेड नेमका तिच्यावर. पुण्याहून आम्ही म्हणून भोरच्या पुढे जातो, जुन्नरकडे नाही. (जुन्नरकडे बिबटे पण आहेत, आयपीसला डोळा लावलेला असताना मागे काय उभं आहे ते कळत नाही.)

डॉबवाला_सातारा (२० डिसेंबर, रात्री १०:०२)

भोरच्या दक्षिणेला आमचा सातारा येतो काका, आमचा उजेड बरा चालतो तुम्हाला :D

आणि इकडची एक अडचण कुणी बोलत नाही. डिसेंबर-जानेवारीत ऊसतोड, मग फडात पाचट पेटवतात, त्यात गुऱ्हाळांचा धूर. डोक्यावर आकाश झकास, पण ३० अंशांच्या खाली सगळा दुधी पडदा. १३६५ जेमतेम ३५ अंशांवर जाते. मागच्या जानेवारीत तीन रात्री गेलो, दोन रात्री धुराने खाल्ल्या. आता मी दुपारीच बघून येतो आजूबाजूला कुठं फड तुटलाय का.

एडिसनकर (२१ डिसेंबर, सकाळी ६:५५)

३५ अंशांना "जेमतेम" म्हणताय, इथे न्यू जर्सीत ती १३ अंशांवर येते आणि तिथे शेजाऱ्याचं गॅरेज आहे. चौदा वर्षं झाली, अजून दर्शन नाही. मी आपला वसंतात सिंह राशीतली एम ९५ बघून बार्ड स्पायरलची हौस भागवतो.

मेलबर्नची_मावशी (२१ डिसेंबर, सकाळी ९:३०)

मी मीठ चोळायला आलेय. आमच्याकडे १३६५ डोक्यावर, अगदी ८८ अंशांवर!

आता गंमत ऐका. डॉब बरोब्बर डोक्यावर धरला की आडवा फिरवताच येत नाही, नुसता गरागरा फिरतो आणि वस्तू जागची हलत नाही. शिवाय डिसेंबर म्हणजे इथे उन्हाळा, नीट अंधार पडेपर्यंत पावणेअकरा. म्हणजे देवाने दिलं ते पण कर्माने नेलं. आम्ही ती थोडी पश्चिमेला कलेपर्यंत चहा पीत बसतो.

इतिहासाची एक गोष्ट सांगते, ही दीर्घिका आमच्याच देशातून सापडली. १८२६ साली, जेम्स डनलॉप नावाच्या माणसाला, सिडनीजवळच्या पॅरामॅटाहून. घरी बनवलेली ९ इंची दुर्बीण, आरसा काचेचा नव्हे तर धातूचा, म्हणजे प्रकाश परत देण्याच्या बाबतीत येळवसकरांच्या ८ इंचीपेक्षा कमीच असणार. आणि फोर्नॅक्स हा तारकासमूह त्याआधी लाकाय या फ्रेंच माणसाने केप ऑफ गुड होपला बसून १७५०च्या दशकात आखला, रसायनशाळेतली भट्टी म्हणून. पॅरिसहून १३६५ क्षितिजावर ५ अंश येते, मग तिथूनच बघणाऱ्या मेसियेच्या यादीत (एम ९५ वगैरे त्यातल्याच) ती नाही यात नवल काय.

डॉबवाला_सातारा (२१ डिसेंबर, सकाळी १०:१०)

हे भारी आहे मावशी. हिशोब केला, ९० वजा आपलं अक्षांश वजा ३६ (१३६५ चं दक्षिण डेक्लिनेशन). लातूर-पुणे ३५ आणि थोडं, कोल्हापूर ३७, गोवा साडेअडतीस, नागपूर ३३, आणि आपण ज्याच्या नावाने उसासे टाकतो ते लडाखचं हानले फक्त २१! आकाश तिथलं कितीही काळं असो, या एका बाबतीत औशाचं शेत हानलेला भारी.

पन्नास_मिमी (२१ डिसेंबर, दुपारी १२:००)

एवढी उठाठेव कशाला हो? मी गेल्या महिन्यात दापोलीला सीस्टार एस५० (आपोआप फोटो काढणारी छोटी दुर्बीण) लावला, फोनवर नाव टाईप केलं, आपोआप गेली दुर्बीण, २५ मिनिटांत दांडा, दोन्ही हात, दांड्यातल्या धुळीच्या काळ्या रेघा, सगळं स्क्रीनवर. तोपर्यंत मी मासे खात होतो. ५० मिमीची भिंग हो. ८ इंचवाले अजून शोधतायत.

चंद्रकोर_नको (२१ डिसेंबर, दुपारी १२:२५)

मासे कसे होते ते सांगा, कारण निरीक्षण तुम्ही त्यांचंच केलंत.

पन्नास_मिमी (२१ डिसेंबर, दुपारी १२:३१)

सुरमई. उत्तम. आणि हा माज बरा नाही ताई. गुडघे गेलेत माझे, रात्री वाकून फाइंडरमध्ये बघणं होत नाही. मशीन नसतं तर मला हे आयुष्यात दिसलं नसतं.

चंद्रकोर_नको (२१ डिसेंबर, दुपारी १२:५०)

सॉरी, गुडघ्यांचं माहीत नव्हतं. मागे घेते. पण "८ इंचवाले अजून शोधतायत" हे पण जरा टोचलंच.

जुनं_भिंग (२१ डिसेंबर, दुपारी २:१५)

भांडू नका रे. दोन्ही लागतं, अनुभवाने सांगतो.

२०१२ साली २७ ऑक्टोबरला याच १३६५ मध्ये सुपरनोव्हा (स्फोट होणारा तारा) सापडला, २०१२एफआर. तो सापडला स्वयंचलित दुर्बिणीने, चिलीतून, कुणी डोळा लावून नव्हे. सुरुवातीला फार अंधूक होता, पण चढत चढत नोव्हेंबरच्या मध्याला १२ व्या प्रतीपर्यंत आला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १३ नोव्हेंबरला होतं, सगळीकडे फटाक्यांचा धूर, काही उपयोग नव्हता. भाऊबीज उरकली आणि त्या रात्री आम्ही तिघं निघालो. माझा १० इंची, आरसा मीच घासलेला, चार महिने कार्बोरंडमची पूड आणि बायकोची बोलणी खात.

एकाकडे प्रिंट काढलेला जुना फोटो होता, सुपरनोव्हाच्या आधीचा. तो लाल टॉर्चखाली धरून आयपीसमधल्या चित्राशी एकेक तारा जुळवत गेलो. गाभ्याच्या उत्तरेला, एका कलेहून कमी अंतरावर, फोटोत नव्हता असा एक टोकदार ठिपका. दीर्घिकेतले बाकी अब्जावधी तारे मिळून एक धुकं, आणि हा एकटा पठ्ठ्या वेगळा उठून दिसत होता. कुणी काही बोललं नाही बराच वेळ. मग एक जण म्हणाला, "भूक लागली."

६ कोटी वर्षांपूर्वीचा तो प्रकाश. येळवसकर, तुमच्या शेतातली काळी माती ज्या लाव्ह्याची झाली तो ओतला गेला त्याला साडेसहा कोटींच्या वर झाली. तुमची माती त्या प्रकाशाहून जुनी आहे.

तर सांगायचं काय, फोटो नसता तर तो ठिपका नवा हे कळलंच नसतं, आणि नुसता फोटो बघून घरी बसलो असतो तर ती रात्र नसती.

मेलबर्नची_मावशी (२१ डिसेंबर, दुपारी ३:४०)

त्याच आठवड्यात, १४ नोव्हेंबरला, आम्ही केर्न्सला खग्रास सूर्यग्रहण बघत होतो! १३६५ कडे कुणी ढुंकून बघितलं नाही. आत्ता हे वाचून हळहळ वाटतेय.

येळवसकर (२२ डिसेंबर, रात्री ८:०५)

काका, अंगावर काटा आला. पुतण्याला वाचून दाखवलं. त्याचा एक प्रश्न आहे, मला उत्तर आलं नाही. दीर्घिका फिरते, आतला भाग लवकर फिरतो आणि बाहेरचा उशिरा, असं त्याने कुठंतरी वाचलंय. मग दांडा मोडत कसा नाही? वाकून पीळ पडायला पाहिजे ना?

डॉबवाला_सातारा (२२ डिसेंबर, रात्री ८:४०)

पोरगं हुशार आहे. मी फिजिक्स शिकवतो (अकरावी-बारावी), प्रयत्न करतो.

दांडा ही वस्तू नाहीच. लाकडाचा दांडा असतो तसे तेच तेच तारे तिथं चिकटून बसलेले नाहीत. खळ्यावर मेढीभोवती बैल फिरतात ते आठवतंय का, आता मळणी यंत्रं आली पण आजोबांना विचारा. समजा बैल गोल न फिरता लांबट फिरतायत, अंड्यासारख्या वाटेने, आणि असे हजारो बैल, हजारो लांबट वाटा, सगळ्यांची लांबी एकाच दिशेला. वरून घारीने बघितलं तर तिला बैल वेगळे दिसणार नाहीत, एक लांबट पट्टा दिसेल. तोच दांडा. लांबट वाटेच्या टोकाला बैल वळताना सावकाश होतो म्हणून टोकांशी गर्दीही जास्त. आणि या सगळ्या वाटांची मिळून जी दिशा आहे ती स्वतः हळूहळू फिरते, ताऱ्यांच्या स्वतःच्या फिरण्यापेक्षा निवांत. म्हणून मोडत नाही, मोडायला मुळात काही एकसंध नाहीच.

वायूचं मात्र वेगळं. तारे एकमेकांना धडकत नाहीत, इतकं अंतर असतं, पण वायूचे ढग धडकतात, त्यांचा फिरण्याचा जोर कमी होतो आणि ते दांड्यातून घरंगळत आत येतात. फोटोत दांड्यावर काळ्या रेघा दिसतात ना, तोच पाट समजा, पाटाने पाणी यावं तसा वायू गाभ्याकडे येतो. तिथं नवे तारे धडाधड तयार होतात, आणि अगदी मध्ये कृष्णविवर बसलंय, सूर्याच्या २० लाख पट वगैरे वस्तुमानाचं, त्याच्या स्वतःभोवती फिरण्याचा वेग नुस्टार आणि एक्सएमएम न्यूटन या दोन अवकाश दुर्बिणींनी मोजला होता, ते २०१३ ला छापून आलं. प्रचंड निघाला.

बॉर्टल_नऊ (२२ डिसेंबर, रात्री ९:१५)

आपल्या आकाशगंगेला पण दांडा आहे असं म्हणतात ते खरं का?

डॉबवाला_सातारा (२२ डिसेंबर, रात्री ९:३०)

खरं. आपण आतच बसलोय त्यामुळे सरळ दिसत नाही, घरात बसून घराचा नकाशा काढण्यासारखं. धुळीतून आरपार बघायला अवरक्त दुर्बिणी लागल्या. २००५ मध्ये त्यातल्याच स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून लांबी साधारण २७ हजार प्रकाशवर्षं काढली होती. जवळच्या सर्पिल दीर्घिकांपैकी दोनतृतीयांश तरी दांडेवाल्याच आहेत, अपवाद म्हणायचं तर बिनदांड्यावाल्यांना म्हणा. १३६५ मात्र त्यात राक्षस, या टोकापासून त्या टोकापर्यंत २ लाख प्रकाशवर्षं, आपली आकाशगंगा १ लाखाच्या घरात धरतात.

चंद्रकोर_नको (२३ डिसेंबर, सकाळी ७:२०)

थिअरी झाली, आता १८ तारखेला दिसणार कसं त्यावर या. मी १३६५ चं स्केच चार वेळा केलंय, पन्हाळ्याच्या मागून, तीनदा ८ इंचीने आणि एकदा मैत्रिणीच्या १२ ने. येळवसकर, हे वाचा नीट.

आधी २५ चा आयपीस. पहिली पाच मिनिटं फक्त गाभा दिसेल, गोलसर. इथेच लोक सोडून देतात, "हॅ, काय नाय" करून. सोडू नका. खुर्ची घ्या, उभ्याने होत नाही, वाकून मान दुखायला लागली की डोळा पण दमतो. डोक्यावर काळा टॉवेल घ्या, लोक हसले तर हसू दे. मग सरळ बघायचं नाही, तिरक्या नजरेने, गाभ्याच्या जरा बाजूला बघत लक्ष मात्र गाभ्याकडे. लग्नात बघतो तसं, ज्याच्याकडे बघतोय त्याला कळू नये असं :) डोळ्याच्या मध्यभागाला अंधारात कमी दिसतं, कडेला जास्त, म्हणून.

दहाव्या मिनिटाला वगैरे गाभा पूर्व-पश्चिम लांबट वाटायला लागतो. तो दांडा. मग दुर्बिणीच्या नळीवर बोटाने हलकी टिचकी मारा. चित्र थरथरलं की अंधूक गोष्टी उठून दिसतात, हलणारी गोष्ट डोळा लवकर पकडतो. आणि आता १३-१५ चा आयपीस असेल तर तो लावा, एकदम १० वर उडी नको. दांड्याच्या पश्चिम टोकातून उत्तरेला जाणारा हात आधी दिसतो, तो जास्त उजळ. पूर्व टोकातून दक्षिणेला जाणारा मला ८ इंचीत चारपैकी एकदाच दिसला आणि तेव्हाही मी शपथ घेणार नाही.

आणि कागद-पेन्सिल न्या. चित्रकला येत नसली तरी. पेन्सिल हातात असली की "हे इथपर्यंत जातंय का?" असा प्रश्न आपोआप पडतो, आणि तो पडला की मगच दिसतं. फोटो आदल्या आठवडाभर बघू नका, नाहीतर जे दिसतंय ते काढायचं सोडून जे माहितीय ते काढाल. मी पहिल्या स्केचमध्ये हेच पाप केलं, दोन्ही हात ठसठशीत काढले, आता बघून लाज वाटते.

पन्नास_मिमी (२३ डिसेंबर, सकाळी ८:०५)

ताई हे सेव्ह करून ठेवलं. खुर्चीत बसून होतं म्हणताय तर मी पण एकदा प्रयत्न करतो कुणाच्या तरी डॉबमधून.

डॉबवाला_सातारा (२३ डिसेंबर, सकाळी ८:३०)

या साताऱ्याला, खुर्ची माझी. सुरमई तुमची.

जुनं_भिंग (२३ डिसेंबर, सकाळी ९:००)

वेळेचं लक्षात ठेवा. काल-परवापर्यंत ती रात्री दहाच्या सुमारास सर्वात उंच होती, १८ जानेवारीला सव्वाआठलाच. म्हणजे जेवून-बिवून निवांत दहाला गेलात तर ती उतरायला लागलेली. अंधार पडला की आठच्या आत डोळे तयार पाहिजेत, आणि त्याआधी अर्धा तास फोन बंद. व्हॉट्सॲपवर एक गुड नाइट बघितलं की अर्ध्या तासाची कमाई गेली.

येळवसकर (१९ जानेवारी, सकाळी ९:५०)

मंडळी, रिपोर्ट.

काल पाच वाजताच शेतात गेलो, मी, पुतण्या, आणि भाऊ (त्याला वाटतंय मी पोराला बिघडवतोय म्हणून लक्ष ठेवायला आला). खुर्ची नव्हती म्हणून बाजेवर बसलो, बाज एका बाजूला विटेवर टेकवून उंची जमवली. काळा टॉवेल नव्हता, वहिनीची घोंगडी होती. शेजारच्या वस्तीवरचे आजोबा कंदील घेऊन आले, "काय रं, तोफ आणली का?", त्यांना हात जोडून कंदील विझवायला लावला, मग ते पण बसले.

सात पन्नासला काय३ मधोमध. पुतण्याच्या घड्याळावर साडेपाच मिनिटं. मोबाईल बंद, कुणी बोलेना, लांब कुठंतरी मोटार चालू होती विहिरीवरची तेवढाच आवाज. पाच मिनिटं झाली तरी काही नाही, मला वाटलं परत पोपट. आणि मग काठावरून काहीतरी सरकत आलं, आपण होऊन. आपण हलवून शोधणं वेगळं आणि हे वेगळं राव.

गोल नव्हतं! पहिल्या क्षणापासून जरा लांबट, १३९९ सारखं नाही. पंधरा मिनिटं मी एकटाच बसलो, बाकीचे शिव्या घालत होते. १५ चा आयपीस पुण्याच्या मित्राकडून आणला होता. टिचकी मारली आणि दांडा दिसला, म्हणजे गाभ्याच्या दोन्ही बाजूंना फिकट रेघ, आहे-नाही आहे-नाही अशी. हात मला दिसेना.

मग पुतण्या बसला. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं, फोटो महिनाभर दाखवला नव्हता, ताईंनी सांगितलं तसं. पाच मिनिटं गप्प. मग म्हणतो, "काका, हा विळा हाय."

विळा! म्हटलं काढून दाखव. वहीवर त्याने दांडा काढला आणि एका टोकाला वाकडं पातं. कुठल्या बाजूला? तर पश्चिम टोकाला, उत्तरेकडं वळलेलं. (दुर्बिणीत उलटं दिसतं म्हणून मी नळी न हलवता वस्तू कुठल्या बाजूला निसटते ते बघून पश्चिम ठरवली, दोनदा.) दुसरं पातं कुठंय विचारलं तर म्हणे एकच हाय, विळ्याला दोन कशी असतील.

मग मी परत बसलो, आणि विळा म्हणून बघितल्यावर मला पण दिसला. आता हे दिसणं खरं का त्याने सांगितलं म्हणून, ते माझं मला कळत नाही, तुम्ही सांगा.

आजोबांनी पण बघितलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय दोन वर्षांपूर्वी, म्हणाले "धुरळा हाय" आणि परत कंदील पेटवायला लागले.

चंद्रकोर_नको (१९ जानेवारी, सकाळी १०:०५)

तुमचं दिसणं रद्द! त्याचं धरायचं. त्याला काही माहीत नव्हतं आणि त्याने बरोबर बाजूचा हात काढला, आणि दिसला नाही तो काढला नाही. सातवीतल्या पोराने जे केलं ते मला पहिल्या स्केचला जमलं नव्हतं. वहीचं ते पान फाडू नका, तारीख, वेळ, आयपीस लिहून ठेवा खाली.

जुनं_भिंग (१९ जानेवारी, सकाळी १०:४०)

विळा. इतकी वर्षं बघतोय, सुचलं नाही कधी.

पन्नास_मिमी (१९ जानेवारी, सकाळी ११:१५)

माझा दापोलीचा फोटो उघडून बघितला, दुसरा हात बोटाने झाकला. विळाच आहे हो!

मेलबर्नची_मावशी (१९ जानेवारी, दुपारी १२:००)

आमच्याकडून उलटा विळा. पुतण्याला माझ्याकडून तिळगूळ. त्याच्यासाठी पुढचं काम पण सांगते, एप्रिलमध्ये एम ८३ बघा, ही पण दांडेवाली, तेज साडेसातच्या आसपास म्हणजे बरीच सोपी, आणि तुमच्याकडे ४१ अंशांपर्यंत चढेल.

येळवसकर (१९ जानेवारी, दुपारी १२:२०)

त्याला सांगितलं. म्हणतोय एम ८३ ला किती मिनिटं थांबायचं आणि कुठल्या ताऱ्यापासून, ते आधी काकांना विचार.

जुनं_भिंग (१९ जानेवारी, दुपारी १:३०)

या वेळी मी नाही सांगणार. नकाशा घे, एम ८३ च्याच डेक्लिनेशनवर, तिच्या पश्चिमेला एखादा तारा शोध, राइट असेन्शनचा (आकाशातल्या रेखांशाचा, तो तास-मिनिटांत मोजतात) फरक काढ. जेवढी मिनिटं फरक तेवढी मिनिटं थांबायचं. उत्तर इथेच टाक, मी तपासतो.